सतरा फ्रेमचे केस: रोटोपेंटमधला माझा पहिला पूर्ण शॉट

३ तारखेला, मंगळवारी सकाळी व्हीएफएक्सचा हा शॉट माझ्या नावावर पडला. शॉटशीटवर एवढंच होतं: वायर रिमूव्हल, भिंतीवरचे ५ मार्कर काढणे, ९६ फ्रेम, ३ दिवस. म्हणजे चित्रातली वायर आणि कॅमेऱ्याची हालचाल मोजायला भिंतीवर चिकटवलेल्या खुणा पुसायच्या. ९६ फ्रेम म्हणजे २४च्या वेगाने बरोबर चार सेकंद. चार सेकंदांना तीन दिवस म्हणजे चैनच की, असं मनात आलं. शॉट मंजूर झाला १३ला आणि सगळ्या तपासण्यांतून सुटला १६ला. मधल्या दिवसांत काय काय झालं ते इथे लिहून ठेवतेय. मी अडकले तेव्हा कुठलं बटण कुठे आहे ते सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडले, पण आधी काय करायचं, मग काय, आणि कुठे किती वेळ खर्ची पडतो, हे मात्र कुठे मिळालं नाही.

आधी माझी पार्श्वभूमी. दोन वर्षं रोटो केलाय, म्हणजे फ्रेममागून फ्रेम वस्तूभोवती आकार काढून ती वेगळी करणं. न्यूकमध्ये (शॉट जुळवायचं सॉफ्टवेअर) आकार काढणं, बिंदू हलवणं, कडा मऊ करणं हे हाताला सवयीचं. रोटो आणि पेंट (ब्रशने पुसणं-रंगवणं) एकाच नोडमध्ये (न्यूकमधला एकेका कामाचा डबा) राहतात, त्याचं नावच रोटोपेंट, नोड ग्राफमध्ये ‘पी’ दाबलं की हजर. त्यामुळे ब्रशही आपलाच, अशी समजूत होती. (जुने लोक सांगतात, पूर्वी बेझिअर आणि पेंट असे दोन वेगळे नोड होते, न्यूक ६ मध्ये ते एकत्र आले.) एका नोडमध्ये असले तरी दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे हे कळायला मला दीड दिवस लागला.

शॉट असा: एक बाई प्लास्टर केलेल्या भिंतीसमोर उभी आहे, कॅमेरा हातात धरलेला. वरून एक बारीक वायर खाली येते, बाईच्या आणि कॅमेऱ्याच्या मधून. शॉटच्या उत्तरार्धात ती मान वळवते आणि केस वायरीच्या मागून जातात.

मंगळवारी मी काय केलं? प्लेट (शूट केलेलं मूळ चित्रण) उघडली, ‘पी’ दाबलं, क्लोन ब्रश (एका जागेचं चित्र उचलून दुसरीकडे लावणारा) घेतला. कंट्रोल दाबून ओढलं की कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं यातलं अंतर ठरतं, शिफ्ट दाबून ओढलं की ब्रश लहानमोठा होतो. पहिल्या फ्रेमवर वायरीच्या शेजारची भिंत उचलली आणि वायरीवर फिरवली. पाच मिनिटांत वायर गायब. खोटं नाही सांगत, खुर्चीत जरा मागे रेलून बघितलं. मग पुढची फ्रेम. मग त्याच्या पुढची. संध्याकाळपर्यंत २५ झाल्या. बुधवारी जेवायच्या सुट्टीपर्यंत ४१.

जेवून आल्यावर पहिल्यांदा प्ले केलं. भिंत उकळत होती. दुसरा शब्द नाही, या धंद्यातही त्याला बॉइलिंगच म्हणतात. एकेक फ्रेम थांबवून पाहिली तर निर्दोष, पण सलग चालवली की जिथे वायर होती तिथे प्लास्टरवर मुंग्यांची रांग चालल्यासारखी वळवळ. कारण सोपं आहे, नंतर कळल्यावर. प्रत्येक फ्रेमला मी भिंतीचा थोडा वेगळा तुकडा, थोड्या वेगळ्या जागेवरून उचलला होता. डोळ्याला एका फ्रेममधला फरक दिसत नाही, पण सेकंदाला २४ वेळा बदलणारा फरक लगेच दिसतो.

मग मला वाटलं, उत्तर लाइफटाइममध्ये असेल. रोटोपेंटच्या प्रत्येक स्ट्रोकला आयुष्य असतं: एकच फ्रेम, सगळ्या फ्रेम, या फ्रेमपासून शेवटपर्यंत, किंवा अमुक ते तमुक. माझे सगळे स्ट्रोक एकेका फ्रेमपुरते होते. म्हणून एक स्ट्रोक ‘ऑल’ केला. आता उकळणं थांबलं, पण स्ट्रोक पडद्यावर जागच्या जागी चिकटला आणि भिंत त्याच्याखालून सरकायला लागली. काचेवर बोटाचा ठसा उमटावा तसं.

बुधवारी चारच्या सुमारास आमच्या लीड मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. मी ४१ फ्रेम दाखवल्या. त्यांनी एकदाच प्ले केलं.

“किती स्ट्रोक झालेत?”

“दोनशेच्या वर असतील.”

“अगं, भिंत हलतेय का?”

“नाही, कॅमेरा हलतोय.”

“मग भिंत एकदाच रंगव. हलवायचं काम ट्रॅकरला दे.”

आणि गेल्या. दोनशे स्ट्रोक सोडताना वाईट वाटलं, पण नोड डिलीट केला नाही, डी दाबून बंद करून बाजूला ठेवला. हे बरं केलं, ते पुढे येईल.

गुरुवारी नव्याने सुरुवात. संपूर्ण शॉट पाहून अशी फ्रेम शोधायची जिथे भिंत सर्वांत स्वच्छ, सर्वांत धारदार आणि सर्वांत जास्त दिसते. मला १०४० सापडली (प्लेटच्या फ्रेमचे आकडे १००१ पासून सुरू होतात). त्यावर आधी डीनॉइज (ग्रेन, म्हणजे चित्रातले वळवळते बारीक कण, काढणं), मग फ्रेमहोल्ड (एकच फ्रेम गोठवणं), मग रोटोपेंट. हा क्रम मी उलटा लावला होता. ग्रेन असलेल्या प्लेटवर पेंट केलं की ब्रशच्या मऊ कडेपाशी दोन ठिकाणचे ग्रेन एकमेकांत मिसळतात आणि तिथे गुळगुळीत डाग पडतो. पेनाच्या दाबाने ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) कमीजास्त होत असेल तर आणखी वाईट, कारण अर्धपारदर्शक क्लोन म्हणजे दोन ग्रेनची सरासरी. मी दाबाला फक्त ब्रशचा आकार जोडला आणि ओपॅसिटी सोडवली.

गुरुवारी दुपारी एक घोळ झाला तो सविस्तर सांगते, कारण यावर मी दोन तास घालवले. क्लोनला स्रोत विचारला जातो: फोरग्राउंड की बॅकग्राउंड. फोरग्राउंड म्हणजे आतापर्यंत रंगवलेलं धरून जे दिसतंय ते. बॅकग्राउंड म्हणजे नोडच्या इनपुटला आलेलं कोरं चित्र. मी फोरग्राउंडवर काम करत होते. तेही चालतं, साफ केलेल्या जागेतून पुढचा तुकडा उचलता येतो. पण वरच्या कोपऱ्यातला एक स्ट्रोक पसंत पडला नाही म्हणून यादीत त्याचा डोळा बंद केला, तर भिंतीवर खाली तीन ठिकाणी वायरीचे तुकडे उगवले! न्यूक स्ट्रोकचे पिक्सेल गोठवून ठेवत नाही, दर वेळी पहिल्यापासून गिरवतो. पहिला स्ट्रोक गेला की त्याच्यावरून उचललेल्या पुढच्या स्ट्रोकना पुन्हा वायरच मिळते. तेव्हापासून शक्य तिथे बॅकग्राउंडवरूनच उचलते आणि फोरग्राउंड लागलाच तर ते स्ट्रोक वेगळ्या नोडमध्ये ठेवते.

संध्याकाळपर्यंत एका फ्रेमची भिंत कोरी झाली. एकच फ्रेम, एक पूर्ण दिवस. शॉटशीटवरचे तीन दिवस तिथेच संपले. मी टाइमशीटमध्ये खरे तास भरले आणि कोऑर्डिनेटरना दुपारीच निरोप दिला की उशीर होतोय. हे लाजत लाजत केलं, पण केलं. उत्तर आलं, “ठीक, सोमवारी व्हर्जन दाखव.” उशीर सांगितला तर वेळापत्रक हलवता येतं. लपवला तर मुदतीच्या संध्याकाळी सगळ्यांवरच येतो.

शुक्रवार ट्रॅकिंगचा, म्हणजे भिंतीवरचे बिंदू प्रत्येक फ्रेममध्ये कुठे सरकतात ते न्यूककडून मोजून घेण्याचा. इथे गंमत अशी की जे पाच मार्कर पुसायचे होते, त्यांच्याशिवाय ट्रॅक होत नव्हता. चार मार्कर ट्रॅकरला दिले. ट्रॅक नेहमी मूळ प्लेटवर करायचा, साफ केलेल्या नाही, हे लिहायला खुळ्यासारखं वाटतं पण मी पहिल्या खेपेला साफ भिंतीच्या खाली ट्रॅकर जोडून बसले होते. चार बिंदू मिळाले की त्यांच्यावरून कॉर्नरपिन, म्हणजे चित्राचे चार कोपरे त्या बिंदूंमागे ओढणारा नोड, काढून घेता येतो. भिंत सपाट, त्यामुळे तेवढ्यावर भागलं.

कॉर्नरपिन जोडला आणि पॅच (वायर झाकणारा कोऱ्या भिंतीचा तुकडा) वायरीपासून हातभर बाजूला. प्ले केलं तर हलतोय अगदी बरोबर, फक्त चुकीच्या जागी. अर्धा तास मी ट्रॅकलाच दोष देत होते. चूक संदर्भ फ्रेमची होती. भिंत १०४० वर गोठवलेली, आणि कॉर्नरपिन बाहेर काढताना माझी टाइमलाइन उभी १००१ वर. ‘यूज करंट फ्रेम’ म्हटलं की तो ज्या फ्रेमवर आहात तीच शून्य धरतो. फ्रेमहोल्डची फ्रेम आणि ट्रॅकची संदर्भ फ्रेम एकच हवी. हा आकडा मी आता फ्रेमहोल्डच्या लेबलमध्येच लिहून ठेवते.

पुढचं रोटोतल्या माणसाला सोपं होतं. वायर जिथून जिथून फिरते तेवढ्यावर एक ढिला रोटो, मऊ कडेचा, प्रीमल्ट (आकाराबाहेरचं कापणं), मर्ज करून (वर ठेवून) मूळ प्लेटवर. म्हणजे गोठवलेल्या भिंतीतला फक्त गरजेपुरता पट्टा वापरायचा, बाकी सगळी खरी प्लेट. मार्करांवर पाच छोटे गोल. बाईच्या पुढे पॅच येऊ नये म्हणून तिचा मॅट (तिच्या आकाराचा मुखवटा) आधीच तयार होता. संध्याकाळी सातला पहिल्यांदा प्ले केलं आणि वायर दिसली नाही. केसांपर्यंत तरी.

शनिवार-रविवार घरी होते. प्लेट ऑफिसबाहेर नेता येत नाही, नेऊही नये. पण न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट आहे, खातं उघडून घ्यायची. तिचं आउटपुट एचडीपुरतं मर्यादित आणि काही नोड बंद असतात, आणि तिच्यात सेव्ह केलेली एनकेएनसी फाइल ऑफिसच्या परवान्यावर उघडत नाही, तेव्हा घरी नोड जुळवून सोमवारी घेऊन जाऊ असा बेत असेल तर सोडा. सरावाला मात्र छान. भिंतीवर टेपचे तुकडे आणि समोर दोरा लटकवून फोनवर शूट केलं, इमेज सिक्वेन्स केला, आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा जुळवलं. ऑफिसात गुरुवार-शुक्रवार असे दोन दिवस लागलेलं काम चार तासांत झालं. पैशांत खर्च शून्य, रविवारची दुपार गेली.

सोमवारी, ९ला, ग्रेन. पॅच डीनॉइज केलेल्या गोठलेल्या फ्रेममधून आलेला, म्हणजे त्यावर हलता ग्रेन नाही. नुसत्या डोळ्याला कळत नाही, पण व्ह्यूअरच्या वरची गॅमा वर-खाली ओढली की भिंतीत मेलेला पट्टा चकाकतो. यावर एक युक्ती आहे: मूळ प्लेटमधून डीनॉइज केलेली प्लेट मर्जमध्ये मायनस करायची, उरतो तो निव्वळ ग्रेन, तो पॅचवर प्लस करायचा. मी केली, आणि वायरीचं पुसट भूत परत आलं. कारण डीनॉइज वायरीची कडही थोडी खातो, मग उरलेल्या ग्रेनमध्ये ती कड असते. उपाय म्हणून तो ग्रेनच शंभरेक पिक्सेल बाजूला सरकवला, जिथे नुसती भिंत आहे तिथला वायरीच्या जागी. आणि तो फक्त पॅचच्या अल्फामध्ये (त्याच्या आकारापुरता), नाहीतर बाकी प्लेटवर ग्रेन दुप्पट. लाल, हिरवा, निळा असे चॅनल एकेक करून बघा. माझ्या प्लेटमध्ये निळ्यात ग्रेन सर्वांत जाड होता आणि चूकही तिथेच आधी दिसली.

त्याच दिवशी आणखी एक लक्षात आलं. कॉर्नरपिननंतर मी ग्रेड (रंग-उजेड बदलणारा नोड) लावला होता आणि त्यानंतर थोडं सरकवायला ट्रान्सफॉर्म. दोन ट्रान्सफॉर्म लागोपाठ असले तर न्यूक त्यांचा हिशोब एकत्र करून चित्र एकदाच फिल्टर करतो. मध्ये रंगाचा नोड आला की दोनदा, आणि पॅच मऊ पडतो. ग्रेड वर हलवला, भिंतीचे खडे परत दिसले.

संध्याकाळी व्ही००३, म्हणजे तिसरं व्हर्जन, पाठवलं. मंगळवारी सकाळी नोट आली: “१०५८ ते १०६४ पॅच दिसतोय.” तिथे प्लेटमधला उजेड किंचित मंद होतो, खिडकीसमोरून कुणीतरी गेल्यासारखा. माझी भिंत १०४०च्या उजेडात गोठलेली. ग्रेडवर पाच की (फ्रेमनुसार बदलणारे आकडे) टाकल्या, वीस मिनिटांत मिटलं. दुसरी नोट एका शब्दाची होती: “केस.”

केस १०६६ पासून १०८२ पर्यंत. सतरा फ्रेम. इथे गोठवलेली भिंत काही कामाची नाही, कारण वायरीखाली भिंत नाही, हलते केस आहेत. आणि त्या केसांच्या फटींतून भिंत. इथे मात्र एकेका फ्रेमचंच पेंट करायचं होतं, ज्याला मी बुधवारी शहाणपणाने रामराम केला होता.

पहिला प्रयत्न बावळट होता. ब्रशला केसांचा रंग देऊन एक बट काढली. ती पेनाने ओढलेल्या रेघेसारखी दिसली, कारण खऱ्या बटेला ग्रेन असतो, थोडा मोशन ब्लर असतो, आणि तिचा रंग मुळापासून टोकापर्यंत एक नसतो. जिथे खरं काही उचलता येतं तिथे रंग वापरायचा नाही, हे तेव्हा ठरवलं.

खरं कुठून उचलायचं? वायर आणि केस वेगवेगळ्या वेगाने हलतात. म्हणजे या फ्रेमला वायरीखाली झाकलेली बट तीन फ्रेम पुढे उघडी पडलेली असते. रोटोपेंटला बॅकग्राउंडखेरीज आणखी तीन इनपुट जोडता येतात. प्लेटची एक फांदी घेऊन तिला टाइमऑफसेट (फ्रेम पुढे-मागे सरकवणारा नोड) लावला, वर एक ट्रान्सफॉर्म टाकून ती बट या फ्रेममधल्या बटेवर बसवली, आणि ते इनपुट १ ला जोडलं. मग क्लोन नाही, रिव्हील. रिव्हील त्या इनपुटचं तेच ठिकाण इथे उघडं करतो. ओनियन चालू केलं की खालचं चित्र पुसट दिसतं, बट बसली की नाही ते ब्रश लावायच्या आधीच कळतं. दुसऱ्या इनपुटला तीन फ्रेम मागची फांदी. दोन्हींपैकी एकात तरी बट सापडायची.

१०७३ सोडून. त्या फ्रेमला गालावरून वळलेली एक बट वायरीला दोनदा छेदते, आणि पुढच्या-मागच्या फ्रेममध्ये तिचं वळण वेगळं. तिथे बटेचाच खालचा दहा-बारा पिक्सेलचा तुकडा क्लोन करून वर आणला, ३ पिक्सेलच्या ब्रशने, एकेक छोटा फटका मारत. मोठा स्ट्रोक मारला की वळण मोडायचं. एवढ्या जागेला पावणेदोन तास. आणि १०७४ वर गेल्यावर तिथली बट आदल्या फ्रेमशी जुळेना म्हणून अर्धा तास मागे येऊन.

मंगळवार दुपार, बुधवार पूर्ण, गुरुवार दुपारपर्यंत. साधारण दोन दिवस, सतरा फ्रेम, पाऊण सेकंदाहून कमी. बुधवारी संध्याकाळी फार कंटाळा आला होता आणि मी तो बंद करून ठेवलेला जुना नोड उघडला. १०६६च्या आसपास त्यात काही नव्हतंच, पण १०१० ते १०२०मध्ये बाईच्या खांद्याची कड जिथे वायरीला लागते तिथले जुने स्ट्रोक चक्क चांगले होते. तेवढे निवडून नव्या नोडमध्ये चिकटवले. अर्धा दिवस वाचला.

गुरुवारी नोड इतका जड झाला की ब्रश हलवला की दोन सेकंदांनी रेघ उमटायची. स्ट्रोक तीनशेच्या पुढे, आणि प्रत्येक वेळी सगळे पुन्हा गिरवले जातात. तीन नोडमध्ये विभागणी केली: भिंत, खांदा, केस. पहिले दोन ईएक्सआर फाइलींत रेंडर करून परत वाचून घेतले. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. आता शंभर स्ट्रोक झाले की मी नवा नोड घेते.

पाठवण्याआधी शेवटची तपासणी मॅडमनीच शिकवली. मूळ प्लेट आणि माझं काम मर्जमध्ये डिफरन्सला टाकायचं आणि व्ह्यूअरचा गेन चढवायचा. जिथे हात लावलाय तिथेच उजळ दिसायला हवं, बाकी काळंभोर. मला बाईच्या कानापाशी एक एकटाच ठिपका दिसला. कधीतरी पेन टेकला असणार. ब्रश ‘ऑल’वर राहिल्याने तो सगळ्या फ्रेमवर होता.

शुक्रवारी व्ही००६ मंजूर. मी मेल दोनदा वाचली.

सोमवारी सकाळी टेक चेकमधून (तांत्रिक तपासणी) शॉट परत आला. पेंटबद्दल एक अक्षर नाही, फ्रेम कमी. शीटवर ९६ लिहिलेलं, पण ते कटमधले. प्लेट ११२ फ्रेमची, दोन्ही बाजूंना ८-८ हँडल, म्हणजे कटच्या बाहेरच्या जादा फ्रेम. मी १००९ ते ११०४ रेंडर केलं होतं, त्यांना १००१ ते १११२ हवं. भिंतीचा पॅच सगळीकडे होताच, पण हँडलमध्ये रोटो संपलेला होता, तो पुढे-मागे ओढून घ्यायला साडेतीन तास. शीटवरचा आकडा आणि रीड नोडमधला (प्लेट वाचणारा नोड) आकडा पहिल्याच दिवशी शेजारी ठेवून बघा, एका मिनिटाचं काम आहे. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी हिरवी खूण आली.

तासांचा हिशोब ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी: वाया गेलेलं क्लोन बारा तास, भिंत आठ, ट्रॅक आणि पॅच नऊ, ग्रेन आणि उजेड नऊ, केस सोळा, विभागणी-रेंडर-तपासणी दहा, हँडल साडेतीन. पेनाची एक निब झिजून बदलली.

काल पुढचा शॉट आला. तीच भिंत, तीच वायर. १०४०ची कोरी भिंत उचलून लावली, नवा ट्रॅक, नवा ग्रेन, जेवायच्या आत पॅच बसला. बाईने या शॉटमध्ये केस बांधलेत.